मांजराचे गाऱ्हाणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायला उभे राहायचे म्हणजे विषय कसा भारदस्त हवा. गेल्या वर्षी घरगुती बचतीवर भाषण झाले, त्याच्या आदल्या वर्षी मुलांच्या डोळ्यांच्या निगेवर झाले. यंदा माझ्या वाट्याला विषय आला आहे तो मांजराच्या लघवीचा! चिटणीसबाईंनी फळ्यावर विषय लिहिला तेव्हा पुष्कळजणी तोंडाला पदर लावून हसल्या. हसा खुशाल. पण हसणाऱ्यांपैकी कितीजणींच्या गाद्या गेल्या पावसाळ्यात गॅलरीच्या कठड्यावर लोंबत होत्या, तेही मी पाहिलेले आहे.

आपली जुनी चाळ होती तोवर हा प्रश्न कोणाला पडला नाही. मागच्या अंगणात माती होती, कोपऱ्यात वाळूचा ढीग होता. मांजर आपले आपण जाई, उकरून, झाकून परत येई. कुठे जाते, काय करते, कोणी विचारले नाही. चाळ पाडून तिथेच उंच इमारत झाली. आपण वर राहायला गेलो आणि मांजरांनाही काखेत मारून वर नेले. माती मात्र खालीच राहिली. मग कोणी न्हाणीघरात घमेले ठेवले, कोणी दुकानातून लिटर ट्रे आणला. काही मांजरांनी तो मुकाट्याने स्वीकारला, काहींनी नाही. गेल्या वर्षभरात आपल्याच इमारतीतली दोन मांजरे पोत्यात घालून मासळीबाजारापाशी सोडून देण्यात आली, आणि तिसरा एक बोका घरातच गेला. तिघांवर आरोप एकच होता, "घरात घाण करतो." म्हणून हा विषय मी मागून घेतला.

मला सांगायचे आहे ते एवढेच, की ट्रे सोडून बाहेर लघवी करणारे मांजर हट्ट करीत नसते, सूडही उगवीत नसते. त्याला काही तरी होत असते, आणि बोलता येत नाही म्हणून ते असे सांगते. आपण त्याचे गाऱ्हाणे ऐकायला शिकले पाहिजे. ऐकण्याचाही एक क्रम आहे. आधी दुखणे पाहावे, मग ट्रे पाहावा, मग घरातली धास्ती पाहावी, आणि गादी कशी धुवावी ते सर्वांत शेवटी.

मांजर जातीचेच स्वच्छ. आपल्या घरातल्या मनीचे मूळचे पूर्वज आफ्रिका आणि अरबस्तानाकडच्या कोरड्या मुलखातले रानमांजर. पाणी थोडे, वाळू पुष्कळ, अशा ठिकाणी ते वाढले. म्हणून मांजर पाणी कमी पिते, त्याची लघवी दाट आणि उग्र असते, आणि भुसभुशीत जागा दिसली की ती उकरावी असे त्याला उपजत वाटते. पिल्लाला हे शिकवावे लागत नाही. असे जनावर जेव्हा धुतलेल्या चादरीवर जाऊन बसते, तेव्हा काही बिघडले आहे, हे आपणच ओळखायला हवे. "मी माहेरी गेले म्हणून रागाने माझ्याच साड्यांवर केले," असे एक भगिनी मला सांगत होत्या. मांजराला राग धरून साडी निवडण्याइतका हिशेब येत नाही हो! त्या घरात नव्हत्या म्हणून ते घाबरले, आणि त्यांच्या वासाच्या कपड्यांत जाऊन बसले, असे फार तर म्हणता येईल.

आता पहिला प्रश्न, दुखणे. यात सर्वांत घातकी दुखणे बोक्याचे. बोक्याची लघवीची नळी मांजरीपेक्षा बरीच अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट गाळाचा बोळा तिच्यात अडकला, की वाट बंद होते. लघवी आत तुंबते, मूत्रपिंडांचे काम थांबते, रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि त्याने हृदय बंद पडते. हे सगळे एक-दोन दिवसांत होते. आठवडा लागत नाही.

तो जो बोका गेला म्हणून मघाशी सांगितले, त्याच्या घरच्या आजीबाई आज इथे पुढेच बसल्या आहेत. "दुसऱ्या कोणाचा वाचेल, तू सांग," असे त्यांनीच मला सांगितले आहे. तो बोका आधी आठ दिवस कुठेही चार थेंब करीत असे, पायपुसण्यावर, मोरीत, सोफ्याच्या उशीवर. घरात ओरडा होई. मग एक दिवस तो मोरीच्या जाळीवर जाऊन बसला, जोर करू लागला, कण्हू लागला. सगळ्यांना वाटले बद्धकोष्ठ झाले आहे, आणि त्याला एरंडेल पाजले. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. दुसऱ्या दिवशी त्याने खाणे सोडले, ओकला, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. पोट चाचपले असते तर लघवीची पिशवी लिंबाएवढी टणक लागली असती, असे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितले. पण ते आपले काम नव्हे. घाबरलेले, दुखणारे मांजर दाबून पाहू नये. डॉक्टरांनाच पाहू द्यावे.

म्हणून एवढे पाठ करून ठेवा. बोका पुनःपुन्हा ट्रेमध्ये जातो आणि कोरडाच उठतो, जोर करतो, ओरडतो, तीच जागा चाटत बसतो, लघवीत लाल रंग दिसतो, यांतले काहीही दिसले, तर रात्रीचे बारा वाजलेले असोत की घरात सत्यनारायण असो, त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचे. "उद्या बघू" म्हणायचे नाही. वेळेवर पोहोचला, तर डॉक्टर त्याला भूल देऊन नळी मोकळी करतात आणि सलाईन लावतात, आणि पुष्कळ बोके त्यातून उठून घरी येतात. आपल्या मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे. शंभराहून अधिक वर्षे ते चालले आहे. एका बाईच्या नावाचे ते रुग्णालय आपल्या मंडळातल्या प्रत्येकीला ठाऊक असावे असे मला वाटते.

मांजरींनाही मूतखडा होतो, लघवीच्या पिशवीला सूज येते. लघवी करताना आग होते, आणि मांजराच्या मनात "या ट्रेमध्ये बसले की दुखते" असे बसून जाते. मग ते दुसरी मऊ, थंड जागा शोधते. ती कधी गादी असते, कधी फरशी. पुष्कळदा डॉक्टर तपासतात आणि खडाही सापडत नाही, जंतूही सापडत नाहीत, तरी पिशवी सुजलेली असते. अशी सूज धास्तीने वाढते. खोटे दुखणे म्हणून ते सोडून देऊ नये. म्हातारे मांजर मात्र एकदम भसाभसा पाणी पिऊ लागले आणि मोठमोठी तळी करू लागले, तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो, त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. म्हाताऱ्या मांजराचे सांधेही आपल्यासारखेच धरतात. त्याला उंच काठाच्या टबात उडी मारणे जमत नाही, म्हणून ते टबाच्या शेजारीच करते. अशा मांजराला आपण आळशी म्हणतो. त्याला बुटक्या काठाचा ट्रे दिला की काम होते.

औषधाविषयी एक ताकीद. आपल्या घरात ताप आला, अंग दुखले की पॅरासिटामॉल असते. ते मांजराला चुकूनही देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. घरात पडलेली कुठलीच दुखण्याची गोळी त्याला द्यायची नाही.

दुखणे टाळण्याचा स्वस्त उपाय म्हणजे पाणी. कोरड्या तयार खाण्यात पाणी जेमतेम दहावा हिस्सा असते आणि ओल्या खाण्यात सुमारे तीन-चतुर्थांश. म्हणून नुसत्या कोरड्या दाण्यांवर मांजर ठेवू नये. ओले खाणे द्यावे, मासळी उकडली तर तिचे बिनमिठाचे पाणी द्यावे. मात्र त्यात कांदा-लसूण नको, दोन्ही मांजराला विषारी आहेत. खारवलेले सुके बोंबील हे त्याचे जेवण नव्हे. पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, खाण्यापासून आणि ट्रेपासून दूर.

डॉक्टरांनी "दुखणे नाही" म्हटले, की दुसरा प्रश्न, ट्रे. इथे थोडी मौजेची माहिती सांगते. मांजरासाठी दुकानात जी माती विकत मिळते, ती निघाली १९४७ साली, अमेरिकेत मिशिगन राज्यात. तोवर तिथल्या बायकाही घमेल्यात राख, वाळू किंवा लाकडाचा भुसा घालीत. एका शेजारणीकडची वाळू हिवाळ्यात गोठली, म्हणून ती एडवर्ड लो नावाच्या गृहस्थांकडे थोडी वाळू मागायला गेली. त्यांच्याकडे कारखान्यात सांडलेले तेल टिपायला वापरतात ती माती होती. तीच त्यांनी तिला दिली. ती माती आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. तिने ओल चांगली टिपली, वासही कमी झाला, आणि त्यातून त्यांचा मोठा धंदा उभा राहिला. ओली झाली की गोळा होणारी बेंटोनाइट माती त्यानंतर, १९८० नंतरच्या दशकात आली. ते बेंटोनाइट आपल्याकडे कच्छमध्येही निघते. सांगायचे तात्पर्य, परसातली वाळू घरात आणण्याची पाळी सगळ्याच देशांतल्या बायकांवर आली, आणि तोड निघाली ती एका शेजारणीच्या गरजेतून.

आता ट्रे कसा असावा ते सांगते. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेवढी लांबी, त्याच्या दीडपट लांब असावा. दुकानातले पुष्कळ ट्रे याहून लहान असतात. त्यांत मांजर पुढचे पाय आत ठेवते आणि मागचा भाग बाहेर, मग आपण म्हणतो बाहेर केले. त्यापेक्षा पसरट प्लॅस्टिकचा टब घ्यावा, तो स्वस्तही पडतो. ट्रे किती ठेवावेत? घरात जितकी मांजरे, त्याहून एक जास्त. मांजर एकच असले तरी दोन ट्रे असलेले चांगले, कारण पुष्कळ मांजरांना लघवी एकीकडे आणि शी दुसरीकडे करायची असते. दोन्ही ट्रे एकमेकांना चिकटून ठेवले तर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे.

आत माती असावी ती बारीक, बिनवासाची, दोन-तीन बोटे खोल. सुगंधी माती आपल्या नाकासाठी असते. मांजराचे नाक आपल्याहून पुष्कळ तिखट, त्याला तो गुलाब सोसवत नाही. विकतची माती परवडत नसेल तर बारीक वाळू चाळून, धुऊन, वाळवून घालावी. ती गोळा होत नाही, म्हणून लवकर बदलावी लागते, इतकेच. मांजराला काय आवडते हे कळत नसेल, तर दोन ट्रेमध्ये दोन प्रकार घालून आठवडाभर पाहावे. त्याचे उत्तर ते आपोआप देते. एका घरची माती संपली म्हणून जाडे खडे आणले, आणि त्याच दिवसापासून मांजर पायपुसण्यावर जाऊ लागले. माती बदलायचीच असेल तर जुनीत नवी थोडी थोडी मिसळत जावी.

ट्रे दिवसातून दोनदा उपसावा, निदान एकदा तरी. आठवड्याने सगळी माती काढून टब साध्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवावा. आणि भगिनींनो, इथे नीट ऐका. फिनाईल नको! आपल्याला फिनाईलचा वास आला की घर स्वच्छ वाटते. पण फिनॉल जातीची औषधे मांजराच्या यकृताला पचत नाहीत. पंजाला लागलेले ते चाटते आणि विषबाधा होते. पाण्यात टाकले की दुधासारखे पांढरे होणारे जंतुनाशकही त्याच जातीचे असू शकते. कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्याही मांजराला विषारी. काहीजणी मांजर गादीवर येऊ नये म्हणून त्या गोळ्या गादीखाली ठेवतात, तसे अजिबात करू नये.

ट्रे कुठे ठेवावा याचाही विचार हवा. खाण्याच्या भांड्याशेजारी नको. आपण तरी संडासात ताट मांडून बसू का? कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी नको. यंत्र एकदा घरघरले की मांजर तिकडे फिरकत नाही. गॅलरीत पावसाची झड येत असेल तर तिथे नको. आणि न्हाणीघरात असेल तर दाराकडे लक्ष हवे. चौथ्या मजल्यावरच्या एका घरचे मांजर रोज सकाळीच दिवाणावर करायचे, दुपारी-रात्री कधी नाही. सासूबाई म्हणत, सुनेने लाडावून ठेवले आहे, आणि सून बिचारी रोज चादरी धूत होती. मी दोन दिवस सकाळची जाऊन बसले. त्या घरी सहा माणसे, एकच न्हाणीघर, आणि सहा ते साडेआठ त्याचे दार आतून बंद! ट्रे आत आणि मांजर बाहेर. दुसरा टब पॅसेजच्या कोपऱ्यात ठेवला, आणि दिवाण त्या आठवड्यापासून कोरडा आहे. सुनेवरचा बोल गेला, ही त्याहून मोठी गोष्ट.

सुनांवरून आठवले. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रे उपसण्याचे काम तिच्याकडे ठेवू नये. मांजराच्या शीमधून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा संसर्ग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. त्यासाठी मांजर हाकलायची गरज नाही. शी पडल्यावर ते जंतू बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज दुसऱ्या कोणी ट्रे साफ करावा आणि हात साबणाने धुवावेत. तिलाच करणे भाग पडले तर हातमोजे घालावेत. नऊ महिने हे काम मुलाने किंवा नवऱ्याने केले तर काही आकाश कोसळत नाही.

तिसरा प्रश्न, हद्द आणि धास्ती. लघवी करणे आणि फवारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लघवीला मांजर खाली बसते आणि सपाट जागी तळे करते. फवारताना ते उभे राहते, शेपूट वर करून थरथरवते, आणि भिंतीवर, दारावर, पडद्यावर थोडीशी उडवते. ही त्याची पाटी असते, "ही जागा माझी." आपल्या जिन्यात जो वास येतो आणि ज्यावरून मजल्यामजल्यांत भांडणे होतात, तो या पाट्यांचा. जिना धुऊन तो जाणार नाही, कारण बोका दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा लिहितो. त्याला उपाय नसबंदी. नसबंदी केलेल्या दहा बोक्यांपैकी सुमारे नऊ फवारणे सोडतात किंवा पुष्कळ कमी करतात. पिल्लू पाच-सहा महिन्यांचे झाले की करून घ्यावी, सवय मुरण्यापूर्वी. मांजरीचीही करावी, म्हणजे दर काही महिन्यांनी कोणाच्या तरी माळ्यावर बाळंतपण निघणार नाही.

उरलेली दहांतली एखादी, ती धास्तीची. घरात नवे मांजर आले, गॅलरीतून परका बोका दिसू लागला, घर बदलले, रंगकाम काढले, पाळणा हलला, गणपतीला पंचवीस माणसे उतरली, की काही मांजरांचे चित्त ठिकाणावर राहत नाही. आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी नव्या घरी सून म्हणून आलेली आहे. पहिले कित्येक दिवस आपणही कोपरा धरूनच बसलो होतो ना? मांजरालाही तेवढी मुदत द्यावी. नव्या घरात त्याला आधी एकच खोली द्यावी, तिथेच खाणे, पाणी, ट्रे, आणि त्याच्या वासाची जुनी गोधडी. ती खोली आपली वाटली की मग घर मोकळे करावे. दोन मांजरे असतील तर एक दुसऱ्याची वाट अडवून बसते का ते पाहावे. दांडगे मांजर पॅसेजमध्ये नुसते पसरले, तरी भित्रे ट्रेपर्यंत जात नाही. अशा वेळी ट्रे घराच्या दोन टोकांना ठेवावेत.

आता शेवटी साफसफाई, कारण वास राहिला तर मांजर तिथेच परत येते. ओले असतानाच जुन्या सुती कापडाने दाबून टिपून घ्यावे, चोळू नये. चोळले की ते कापसात खोल जाते. मग डाग काढणारे एन्झाइम ज्या धुण्याच्या पावडरीत असतात ती पाण्यात कालवून लावावी आणि बराच वेळ मुरू द्यावी, नंतर साध्या पाण्याने टिपून काढावी. मांजराच्या लघवीतला युरिक आम्लाचा भाग साध्या पाण्याने विरघळत नाही. उन्हाळ्यात वाटते वास गेला, आणि पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तो पुन्हा उठतो, याचे कारण हेच. अमोनिया असलेले द्रव लावू नये, मांजराला तो लघवीसारखाच वाटतो. ब्लीचिंग पावडर ताज्या लघवीवर टाकू नये, त्यातून घशाला झोंबणारा वायू निघतो. कापसाची गादी फार भिजली असेल तर खोळ उसवून कापूस उन्हात घालावा आणि पिंजून घ्यावा. बरे होईपर्यंत गादीवर रेक्झिन पसरावे. धुऊन कोरड्या झालेल्या जागी मांजराचे खाण्याचे भांडे ठेवावे. जिथे जेवते तिथे ते सहसा लघवी करीत नाही.

आणि काय करू नये? नाक त्यात घासू नये, मारू नये, कोंडू नये. मार खाऊन मांजर "इथे करू नये" असे शिकत नाही. "ही बाई दिसली की पळावे" एवढे शिकते. मग ते कपाटामागे जाऊन करते, आणि आपल्याला ते महिन्याने वासावरून कळते.

पोत्यात घालून सोडण्याविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय मला खाली बसवणार नाही. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला नेऊन द्यावे लागते, असे आपल्या आज्या सांगत. म्हणून कोणी मारीत नाही, सोडून देतात, आणि आपल्या हाताला पाप लागले नाही असे समजतात. पण घरात वाढलेले मांजर बाजारात गेले, की कुत्री आणि गाड्या यांच्यापुढे ते किती दिवस टिकणार? आणि त्यातही ते लघवीच्या दुखण्याने आजारी असेल तर? आपण आजारी माणसालाच घराबाहेर काढले असे झाले. कायद्यानेही हा गुन्हा आहे. १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, भुकेतहानेने हाल होतील अशा रीतीने जनावर सोडून देणे क्रूरतेत धरले आहे. हा कायदा व्हावा म्हणून राज्यसभेत झटल्या त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल, भरतनाट्यमसाठी साऱ्या देशाला ठाऊक असलेल्या. या कायद्याखाली १९६२ साली जे प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच.

नुसते भाषण करून खाली बसणे बरे नव्हे, म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, मंडळाच्या फळ्यावर जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांचे आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचे पत्ते कायमचे लिहून ठेवावेत. दुसरी, झाकणाची एक मजबूत टोपली मंडळात ठेवावी. आजारी मांजर न्यायला अर्ध्या रात्री ती शोधत बसावे लागू नये. तिसरी, जिन्यातल्या आणि गच्चीवरच्या बोक्यांची नसबंदी करून घेण्यासाठी, हे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला मंडळाच्या नावाने पत्र लिहावे. खर्चाला प्रत्येक घरामागे थोडी वर्गणी काढली तर कोणावर भार पडणार नाही, आणि जिन्यावरून होणारी भांडणेही मिटतील. मांजरे पकडून डॉक्टरांकडे न्यायच्या कामाला पहिले नाव माझे लिहावे.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, असे आपण नेहमी विचारतो. इथे घंटेची गरजच नाही. मांजर आपणहून सांगते आहे, फक्त त्याची भाषा आपल्या गादीवर उमटते, म्हणून आपल्याला राग येतो. राग आधी बाजूला ठेवा, दुखणे पाहा, ट्रे पाहा, घर पाहा, आणि मग बादली उचला.